मास्कला भोकं का असतात?

(या भागाचं लिखित रूप. ऐकणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांना सोयीचं व्हावं म्हणून दोन-चार ठिकाणी वाक्यं नीट केली आहेत, बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा भाग थोडा घरचा आहे. सुरुवात माझ्या एका मूर्खपणापासून करतो, कारण तो मूर्खपणा केला नसता तर हा इतिहास मी कधी वाचलाच नसता.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाबा एकोणसाठ वर्षांचे. आयुष्यभर घोरत आलेत. आमच्याकडे त्यावर विनोद व्हायचे, पाहुणे आले की 'आज गाडी स्टेशनात लागणार' वगैरे. मग एक दिवस ते सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या झोपले. मागच्या रिक्षावाल्याने खांद्याला धरलं म्हणून आडवे झाले नाहीत. त्यानंतर तपासणी झाली. रिपोर्टमध्ये आकडा होता ४२. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी बेचाळीस वेळा त्यांचा श्वास पूर्ण थांबत होता किंवा खूप कमी होत होता. तीसच्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांमध्ये हेच नाव आलं होतं, काहींना आठवत असेल.

तर घरी सीपॅप मशीन आलं. उशाशी एक डबा, त्यातून सहा फुटी नळी, नळीच्या टोकाला नाक-तोंड झाकणारा मास्क. मशीन रात्रभर हवा ढकलत राहतं. पहिल्या आठवड्यात बाबांचं घोरणं बंद. पण त्या जागी एक नवा आवाज आला. सुस्स्स... अखंड. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा वाफेचा आवाज येतो ना, तसा. शिवाय मास्कच्या पुढून थंड हवेचा झोत थेट आईच्या मानेवर. आईने तीन रात्री काढल्या आणि चौथ्या रात्री गादी उचलून हॉलमध्ये गेली. बाबांना ते लागलं. म्हणाले, "छत्तीस वर्षं माझं घोरणं सहन केलंस, आणि आता औषधाने पळालीस." आणि त्यांनी मास्क लावायचंच टाळायला सुरुवात केली.

मी इंजिनियर माणूस. मास्क हातात घेतला, पुढच्या कोपरासारख्या भागावर बारीक भोकं दिसली. मला वाटलं, अरे, लीक आहे! सुस्स आवाज इथूनच येतोय. मी त्यावर व्यवस्थित पारदर्शक चिकटपट्टी लावली. दोन थर. मशीन सुरू केलं. एकदम शांत. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तासाभराने बाबा मास्क ओढून काढून उठून बसले. घामाघूम, डोकं ठणकतंय, धाप लागलेली. दुसऱ्या दिवशी मशीन बसवून देणारा तंत्रज्ञ आला. त्याने पट्टी बघितली आणि काही क्षण माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, ही भोकं श्वास बाहेर जायला आहेत. तुम्ही वडिलांना त्यांचाच श्वास परत पाजत होता."

ते वाक्य डोक्यातून जाईना. आज त्या भोकांचाच इतिहास सांगतो. कोणी पाडली, का पाडली, आणि ती शांत करायला लोकांनी इतकी वर्षं काय काय केलं.

मास्कच्या आधी गळ्यातलं भोक

आधी आजार समजून घेऊ. जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असतात, त्यामुळे हवेची वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात. काहींच्या बाबतीत इतके की जीभ आणि मऊ टाळू मागे जाऊन वाट बंदच होते. छाती श्वास घ्यायचा प्रयत्न करते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू धक्का देऊन माणसाला अर्धवट जागं करतो, एक जोरदार घोरणं, आणि परत तेच. माणसाला सकाळी काही आठवत नाही, फक्त दिवसभर झोप येते.

युरोपातल्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये झोपेतल्या रुग्णांची नोंद घेऊन हे पहिल्यांदा नीट दाखवलं. पण उपाय काय? सत्तरच्या दशकात तीव्र आजारावर खात्रीचा म्हणावा असा एकच उपाय होता, ट्रॅकिऑस्टॉमी. म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा ती बुचाने बंद करायची म्हणजे बोलता येतं, रात्री उघडायची म्हणजे बंद पडणारा घसा टाळून खालून श्वास घेता येतो. काम चोख व्हायचं. पण विचार करा, चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला सांगायचं की उद्यापासून जन्मभर गळ्यात भोक. कितीतरी जण नाही म्हणायचे आणि तसेच जगायचे, जमेल तितके दिवस.

सिडनी, जून १९८०

आता येतात कॉलिन सुलिव्हन. सिडनी विद्यापीठातले डॉक्टर. त्याआधी ते कॅनडात टोरांटोला झोपेतल्या श्वासोच्छ्वासावर संशोधन करत होते, कुत्र्यांवर. झोपलेल्या कुत्र्याच्या नाकातोंडावर हवा न गळणारा मास्क बसवायचा कसा, हे त्यांना तिथून माहीत होतं.

सिडनीत त्यांच्याकडे एक रुग्ण आला, बांधकामावर काम करणारा. आजार खूप तीव्र. ट्रॅकिऑस्टॉमी सुचवली, तो नको म्हणाला. सुलिव्हन यांच्या डोक्यात एक कल्पना होती. घसा बाहेरून आत कोसळतोय, तर आतून हवेचा हलका दाब देऊन तो फुगवून ठेवला तर? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसंच. हाड नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त हवेचा टेकू.

त्या रुग्णाने एका रात्रीच्या प्रयोगाला होकार दिला. उपकरण काय होतं? व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, पण उलटी लावलेली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकणारी. नाकपुड्यांत मऊ नळ्या, भोवती सिलिकोनचा लेप. दाब हळूहळू वाढवला आणि एका ठरावीक दाबाला घोरणं, गुदमरणं सगळं थांबलं. तो माणूस जवळपास सात तास झोपला. सकाळी उठला तेव्हा अनेक वर्षांनी पहिल्यांदा ताजातवाना होता.

एप्रिल १९८१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा हा अहवाल छापून आला. वापरलेला दाब होता साधारण ४.५ ते १० सेंटिमीटर पाणी. हे एकक ऐकायला विचित्र वाटतं. ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी भरा, त्याच्या तळाशी पाण्यामुळे जेवढा जादा दाब असतो, तेवढाच. म्हणजे फार कमी. वाहनाच्या टायरशी तुलनाच नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हवेच्या दाबाने श्वसनाला मदत करण्याची कल्पना सुलिव्हन यांची एकट्याची नव्हती. लंडनमधल्या पोल्टन नावाच्या डॉक्टरांनी १९३६ मध्येच हृदयविकारामुळे फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णांसाठी असा दाब वापरला होता, आणि गंमत म्हणजे तिथेही व्हॅक्यूम क्लीनरच होता. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ग्रेगरी यांनी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांवर वापरून दाखवला. वीसपैकी सोळा बाळं वाचली. पण झोपेतल्या बंद घशाला हा टेकू द्यायचा, तोही नाकातून, ही सुलिव्हन यांची उडी.

पुढची काही वर्षं कशी होती बघा. प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घ्यायचा, त्यावरून फायबरग्लासचा मास्क बनवायचा, आणि तो रोज रात्री सिलिकोनच्या गोंदाने चेहऱ्याला चिकटवायचा. रोज रात्री! सकाळी ओढून काढायचा. खोलीत व्हॅक्यूम क्लीनर चालल्यासारखा आवाज. तरीही १९८५ च्या सुमारास सिडनीत शंभरेक माणसं घरी हे वापरत होती. ज्याला वर्षानुवर्षं झोप मिळालेली नाही, तो काय काय सहन करतो, याचा अंदाज यावरून येतो.

गळती, पण ठरवून ठेवलेली

आता भोकांकडे या.

मास्क चेहऱ्याला घट्ट. एका बाजूने मशीन हवा ढकलतंय. माणूस श्वास सोडतो ती हवा जाणार कुठे? सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड चार-पाच टक्के असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्के. म्हणजे शंभरपट. बाहेर जायला वाट नसेल तर ती हवा नळीत मागे सरकते.

इथे एक साधा हिशेब केला आणि मला घाम फुटला. बाबांची नळी २२ मिलिमीटर रुंद, सुमारे १.८ मीटर लांब. त्यात मावते जवळजवळ ६८० मिलिलिटर हवा. आणि झोपेतला माणसाचा एक श्वास असतो साधारण ५०० मिलिलिटर. म्हणजे माझ्या चिकटपट्टीमुळे बाबांचा अख्खा श्वास नळीत जात होता, आणि पुढच्या श्वासाला तोच परत येत होता. पंपाचा दाब चालूच, त्यामुळे मशीनच्या दृष्टीने सगळं आलबेल. मास्कला गुदमरू नये म्हणून एक सुरक्षा झडप असते, पण ती मशीन बंद पडून दाब गेला तरच उघडते. मशीन चालू असताना ती झडप बंदच राहणार.

मग एकाच दिशेने उघडणारी झडप का नाही बसवत, श्वास सोडला की उघडेल, घेतला की मिटेल? तसं करता येतं. पण झडप हलते, टकटक करते, ओलाव्याने चिकटते, आणि प्रत्येक श्वासाला दाब वर-खाली होतो. म्हणून बहुतेकांनी सोपा मार्ग धरला. मास्कलाच कायमची भोकं ठेवायची. रात्रभर मशीन जास्तीची हवा देत राहील, ती भोकांतून बाहेर जात राहील, आणि जाताना सोडलेला श्वास घेऊन जाईल. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बग नाही, फीचर. याला नावच आहे 'हेतुपुरस्सर गळती'.

किती गळती? दहा सेंटिमीटर दाबाला अनेक मास्कमधून मिनिटाला तीसेक लिटर हवा जाते. झोपलेला माणूस मिनिटाला सहा लिटरच्या आसपास श्वास घेतो. म्हणजे गरजेच्या पाचपट हवा निव्वळ धुवायला. आपण मोरीत पाणी ओततो ना, तसं.

मशीनच्या सॉफ्टवेअरला ही गळती माहीत असावी लागते, हे मला नंतर कळलं. कुठल्या दाबाला भोकांतून किती हवा जाणार, याचा आलेख प्रत्येक मास्कसोबत येतो. मशीन एकूण हवेतून तेवढी वजा करतं, उरतो तो माणसाचा श्वास आणि खरी, म्हणजे कडेने होणारी गळती. म्हणून सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार निवडावा लागतो. भोकं बुजवली की हा सगळा हिशेब कोसळतो.

१९९५: कमी पडलेलं भोक

हे सगळं सुरुवातीपासून लोकांना पक्कं माहीत होतं असं नाही. नव्वदच्या सुमारास एक नवा प्रकार आला, बायपॅप. यात श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. त्या काळात बऱ्याच ठिकाणी मास्क आणि नळी यांच्यामध्ये एक छोटा फिरणारा जोड लावायचे, 'व्हिस्पर स्विव्हल'. बाजूने बारीक फटी. नावातच 'कुजबुज' आहे, म्हणजे आवाजाची काळजी तेव्हापासूनची.

१९९५ मध्ये फर्ग्युसन आणि गिलमार्टिन या दोघांनी मोजून दाखवलं की बायपॅपमध्ये श्वास सोडतानाचा दाब खूप खाली ठेवला तर त्या फटींतून पुरेशी हवा बाहेर जात नाही, आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत घेतो. कारण सरळ आहे. भोकातून जाणारी हवा दाबावर अवलंबून. दाब एक चतुर्थांश केला तर हवा साधारण निम्मी होते. आणि हे उपकरण ज्यांना लावलं होतं, त्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी करणं हाच मूळ हेतू होता! दुसऱ्या प्रकारची झडप लावल्यावर ती अडचण गेली.

पुढे २००३ मध्ये आणखी एक गोष्ट मोजली गेली. भोकं नळीच्या जोडावर असण्यापेक्षा मास्कवरच, नाकाजवळ असली तर श्वास जास्त चांगला धुतला जातो. चांगली बातमी. पण आवाजाच्या दृष्टीने? भोक आता कानापासून वीतभर अंतरावर आलं.

भोक आवाज का करतं?

आता माझा आवडता भाग. मी बी.टेक. कॉम्प्युटरवाला. फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय मेकॅनिकलच्या पोरांनी रडत केलेला फक्त लांबून पाहिलाय. तरी एवढा हिशेब जमला.

दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे सुमारे ९८० पास्कल. एवढ्या दाबाने हवा भोकातून बाहेर पडली तर तिचा वेग येतो सेकंदाला चाळीस मीटर. ताशी १४५ किलोमीटर! बुमराहच्या चेंडूचा वेग. दाब वीस केला तर ताशी दोनशेच्या पुढे. आणि ही हवा आईच्या मानेवर येत होती. अर्थात भोक बारीक असल्याने झोत लगेच मंदावतो, पण बाहेर पडतानाचा वेग हाच. ही जवळजवळ स्थिर हवेत घुसते, तिथे भोवरे होतात, आणि भोवरे म्हणजे आवाज.

हे गणित मुळात मास्कसाठी झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानं आली आणि त्यांचा आवाज असह्य होता. १९५२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातले जेम्स लाइटहिल यांनी एक सिद्धांत मांडला. झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठव्या! वेग दुप्पट केला तर आवाजाची शक्ती २५६ पट. उलटं बघा, वेग निम्मा करता आला तर आवाज सुमारे २४ डेसिबलने खाली. पुढे प्रवासी जेट विमानांच्या इंजिनांना पाकळ्या-पाकळ्यांची तोंडं बसवली गेली, ती याच खटाटोपातून. विमानतळाशेजारच्या लोकांसाठी मांडलेलं गणित बाबांच्या उशाशी कामाला येतंय, हे वाचून मला बरं वाटलं.

दुसरा मुद्दा आवाजाच्या पट्टीचा. झोताचा मुख्य सूर ढोबळमानाने वेग भागिले भोकाचा व्यास, त्याचा पाचवा हिस्सा. चार मिलिमीटरचं एकच भोक घेतलं तर उत्तर येतं दोन हजार हर्ट्झ. आपला कान ज्या पट्टीत सर्वांत तिखट असतो, नेमका तिथे. एक मिलिमीटरची भोकं घेतली तर आठ हजार. आणि ०.२ मिलिमीटरची घेतली तर चाळीस हजार, म्हणजे माणसाला ऐकूच येत नाही! आवाज होतो, पण आपल्यासाठी नाही.

म्हणून एका मोठ्या भोकाऐवजी अनेक बारीक भोकं. मात्र ती फार जवळ नकोत, नाहीतर झोत पुढे जाऊन एकत्र होतात आणि परत मोठ्या झोतासारखे वागतात. भोकाची कडही महत्त्वाची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रबरासारख्या मऊ वेंटची पेटंट आली. त्यात भोक सरळ नळीसारखं नसून चेहऱ्याच्या बाजूला रुंद आणि बाहेर निमुळतं. हवेला वळायला सोपं, म्हणून शीळ कमी.

तिसरा उपाय, अडथळे. हवा भोकातून बाहेर पडल्यावर तिला सरळ खोलीत सोडायचं नाही. पुढे तंतूंचा पातळ पॅड किंवा विणलेली जाळी ठेवायची. दाब एका उडीत न उतरता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो, काही शक्ती घर्षणात जाते, आणि झोत पसरतो. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीच्या मास्कमध्ये असे डिफ्यूझर आले. ऑस्ट्रेलियात सुलिव्हन यांच्या कामातून पुढे आलेल्या रेसमेड कंपनीने २०१४ मध्ये एअरफिट पी-१० हा मास्क आणला, त्यात भोकांऐवजी बारीक विणलेली जाळीच होती. ज्यांनी जुना आणि नवा दोन्ही वापरलेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

आज आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १७५१०. त्यानुसार मास्कच्या माहितीपत्रकात भोकांतून जाणाऱ्या हवेचा आलेख आणि आवाजाचा आकडा द्यावाच लागतो. नवा मास्क घेताना आपण किंमत बघतो, साइझ बघतो. तो आकडाही बघा.

शांततेची किंमत

पण प्रत्येक उपायाला शेपूट आहे. बारीक जाळी म्हणजे ओलाव्याचा थेंब बसायला जागा, आणि धुळीलाही. आपल्याकडे बोअरचं जड पाणी. मास्क त्या पाण्याने धुऊन तसाच वाळवला तर क्षार बसतात. आवाज कमी होत चालला म्हणून आपण खूश, आणि खरं तर भोकं बुजत चाललेली. म्हणजे माझी चिकटपट्टीच, फक्त हळूहळू लागणारी.

दुसरं, भोकातून जे बाहेर पडतं ते खोलीत येतं. २००३ च्या सार्स साथीनंतर हाँगकाँगमध्ये डेव्हिड हुई यांनी पुतळ्याला मास्क लावून, श्वासात धूर मिसळून, लेझरच्या उजेडात फोटो काढले. काही मास्कच्या झोतातली हवा सुमारे एक मीटरपर्यंत जाताना दिसली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा हेच काम उपयोगी पडलं. रुग्णालयांमध्ये भोकं नसलेले मास्क आणि बाहेरच्या वाटेवर फिल्टर, असा बदल करण्याचे सल्ले आले. घरी आईच्या मानेला लागणारा झोत तिथे नर्सच्या चेहऱ्यावर जात होता.

आणि तिसरं, २०२१ चा जून. फिलिप्स कंपनीने जगभरातली लाखो सीपॅप आणि बायपॅप मशीनं परत बोलावली. कारण? मशीनचा आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम. तो कालांतराने झिजून त्याचे कण आणि वायू श्वासाच्या वाटेत येऊ शकत होते. आवाज कमी करण्यासाठी टाकलेली वस्तूच धोका ठरली. तेव्हा 'शांत' म्हणजे आपोआप 'चांगलं' असं नाही, हे इतिहासच सांगतो.

परत घरी

पट्टीच्या त्या रात्रीनंतर बाबांनी आठ दिवस मास्कला हात लावला नाही. मी काही बोलू शकत नव्हतो, कोणत्या तोंडाने बोलणार? रात्री हॉलमध्ये बसून मी आतल्या खोलीतून येणारं घोरणं ऐकायचो. घोरणं थांबलं की मोजायचो. एकदा अठ्ठावीस सेकंद झाले. तुम्ही आत्ता अठ्ठावीस सेकंद श्वास रोखून बघा. मी दोन-तीनदा उठून दारापर्यंत गेलो.

शेवटी हा सगळा इतिहास बाबांना सांगितला. व्हॅक्यूम क्लीनर, रोज रात्री लावायचा गोंद, सगळं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे त्या बांधकामवाल्यापेक्षा माझं बरंच बरं चाललंय." डॉक्टरांना विचारून मास्क बदलला, डिफ्यूझरवाला घेतला. मशीनमध्ये मास्कचा प्रकार नीट निवडला. आईने तिच्या पद्धतीने उपाय शोधला. बाबांची बाजू बदलली, म्हणजे झोत भिंतीकडे. माझ्या सगळ्या हिशेबांपेक्षा तो उपाय स्वस्त होता.

आता आई खोलीत परत आली आहे. आवाज अजून आहे, पण हलका, पंख्यात मिसळून जाणारा. मध्ये एका रात्री वीज गेली आणि मशीन बंद पडलं, तर बाबांच्या आधी आईच जागी झाली. म्हणाली, "तो आवाज थांबला ना, म्हणून जाग आली."

तुमच्या घरात कोणाकडे हे मशीन असेल तर एवढं करा. आज मास्क हातात घ्या आणि भोकं शोधा. ती उघडी आहेत का बघा, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, उजेडात धरून तपासा. आवाज वाढला किंवा अचानक कमी झाला, दोन्ही वेळा कंपनीच्या माणसाला किंवा डॉक्टरांना विचारा. आणि काहीही झालं तरी चिकटपट्टी लावू नका. ती आमच्या घरात लावून झाली आहे.

आणि घरात कोणी खूप घोरत असेल, मध्येच थांबत असेल, दिवसा बसल्या जागी झोपत असेल, तर विनोद करायच्या आधी एकदा मोजा. आम्ही फार उशिरा मोजलं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नीट झोपा.